खरकट्याची ज्योत

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनांत आमची जी फजिती झाली, ती ज्या पालकांनीं डोळ्यांनीं पाहिली ते ती विसरले नसतील. ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांस ती आम्ही आरंभींच सांगून टाकतों, म्हणजे पुढचा विषय बोलण्यास मन मोकळें होईल.

शाळेच्या स्वयंपाकघरामागें प्लास्टिकच्या दोन टाक्या आहेत. हजार लिटरांची एक टाकी उभी ठेविली असून तिच्यांत तिच्याहून थोडी लहान अशी दुसरी टाकी पालथी घातली आहे. जेवणानंतर उरलेला भात, आमटी, चपातीचे तुकडे, भाजीचे देंठ, भाताची पेज हें सर्व कुसकरून, पाण्यांत कालवून एका नळानें खालच्या टाकींत सोडावयाचें. आंत तें कुजतें. कुजतांना त्यांतून वायु निघतो. त्या वायूनें पालथी टाकी हळूहळू वर उचलली जाते, आणि रबरी नळीवाटे तोच वायु शेगडीपर्यंत येऊन जळतो. ही ज्योत पाहुण्यांस दाखवावी असा आमचा बेत होता. त्या दिवशीं टाकी कधीं नव्हे इतकी उंच आली होती. नववींतील एका मुलीनें चार वाक्यांत माहिती सांगितली, आम्हीं तोटी फिरविली आणि काडी पेटवून शेगडीपाशीं नेली. काडी विझली. दुसरी नेली, तीही विझली. पांचवी काडी विझली तेव्हां मागच्या रांगेंतून कोणीसें म्हणालें, "सर, सिलिंडरचा नंबर लावा!" सारा मांडव हंसला. स्वयंपाकाच्या मावशींनीं कांहीं न बोलतां नेहमीची शेगडी पेटवून चहाचें आधण ठेविलें; तें आम्हांस त्या हंशाहून अधिक लागलें.

टाकी भरलेली, आणि ज्योत नाहीं, हें कसें?

प्रथम हा वायु कोणता तें पाहूं. आंबिवलीहून शहाडकडे जातांना रुळांच्या बाजूस पावसाळ्यानंतर जीं डबकीं साचून राहतात, त्यांच्या तळच्या चिखलांत काठी खुपसली असतां बुडबुडे वर येतात. काळू नदीच्या कांठीं जेथें पाणी मंदावतें तेथेंही हें दिसतें. इटली देशांतील माज्जोरे नांवाच्या सरोवरांत सन 1776 मध्यें व्होल्टा ह्या शास्त्रज्ञानें असेच बुडबुडे भांड्यांत धरले आणि हा वायु जळतो असें दाखविलें. विजेच्या दाबाच्या मापास ज्यांचें नांव आहे तेच हे व्होल्टा. त्या वायूस आपण मिथेन म्हणतों. आमच्या टाकीसारख्या टाकींत निघणाऱ्या वायूंत साधारणतः 55 पासून 65 टक्के मिथेन असतो. बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि लेशमात्र हायड्रोजन सल्फाइड, ज्याची सडक्या अंड्यासारखी घाण येते. (काठी खुपसण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांनीं वडील माणूस बरोबर घेऊन खुशाल करावा, काडी पेटविण्याचा करूं नये.)

मिथेन आपोआप होत नाहीं. तो जंतु करितात. येथें आम्ही विद्यार्थ्यांस आईच्या हातचें विरजण आठवावयास सांगतों. दुधांत चमचाभर दहीं घातल्याशिवाय दुधाचें दहीं होत नाहीं. त्याचप्रमाणें टाकी प्रथम चालू करितांना तिच्यांत शेणकाला घालावा लागतो, कारण गाईम्हशींच्या पोटांत हे जंतु मुळचेच असतात. शेण हें टाकीचें विरजण होय. तें लावल्यानंतर दोन-तीन आठवडे कांहींच घडत नाहीं असें वाटतें. मग वायु निघूं लागतो. परंतु पहिला वायु तसाच सोडून द्यावा लागतो, कारण त्यांत हवा मिसळलेली असते व अशा मिश्रणास ज्योत दाखविणें धोक्याचें आहे.

आतां हे जंतु एका तऱ्हेचे नाहींत, आणि आमच्या फजितीचें मूळ येथेंच आहे. कांहीं जंतु अन्नाचे तुकडे पाडून त्यांचें आम्ल करितात. शिरक्यांत जें आम्ल असतें तें त्यांत मुख्य. दुसरे जंतु तें आम्ल खाऊन मिथेन करितात. पहिले चपळ आणि उतावळे, दुसरे मंद आणि नाजूक. पहिल्यांनीं केलेलें आम्ल दुसऱ्यांनीं वेळेवर संपविलें म्हणजे घर सुखानें चालतें. परंतु एके दिवशीं अन्न फार झालें, तर पहिले जंतु आम्लाचा ढीग घालतात, त्या आंबटपणानें दुसरे आपलें काम टाकून बसतात, आणि मिथेन निघणें थांबतें. वायु निघतच असतो, टाकी वर येतच असते. पण तो वायु बहुतांशीं कार्बन डायऑक्साइड, आणि त्याचा धर्म ज्योत विझविण्याचा. उंच टाकी पाहून आम्ही फुगलों होतों, ती ह्या वायूनें फुगली होती.

दोष कोणाचा तेंही सांगितलें पाहिजे. संमेलनाच्या दोन दिवस आधीं क्रीडास्पर्धा झाल्या. मुलांस पुलाव आणि शिरा होता. ऊन फार असल्यामुळें मुलें जेवलीं थोडें, आणि अन्न उरलें. टाकीस रोज पांच किलोंची संवय. आम्हीं तीस किलोंच्या आसपास एकदम ओतविलें. अन्न वाया जाऊं नये हा एक हेतु, आणि पाहुण्यांपुढें टाकी उंच दिसावी हा दुसरा. दुसरा अधिक बळकट होता हें कबूल केलेलें बरें. मावशी जवळच उभ्या होत्या. त्यांनीं विचारलें, "सर, तिच्या पोटाला झेपेल का एवढं?" आम्हीं त्यांस रसायनशास्त्र समजावून सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं टाकींतील पाण्यांत निळा लिटमस कागद बुडविला तों तो लाल झाला. अजीर्ण झालेल्या माणसास जो उपचार, तोच टाकीस. आठ दिवस लंघन. मग चुन्याची थोडी निवळी. आणि जवळच्या तबेल्यांतून ताजें शेण आणून पुन्हां विरजण. तीन आठवड्यांनीं एके सकाळीं काडी विझली नाहीं. ती ज्योत निळी असते, दिवसा नीट दिसतही नाहीं. मावशींनीं हात वर धरून ऊब पाहिली आणि आधण ठेविलें. तेव्हांपासून टाकीच्या खाण्याचें माप त्यांच्या हातीं आहे. आमच्या हातीं नाहीं.

पुष्कळ पालक विचारतात कीं, ही कांहीं गोबर गॅसहून निराळी वस्तु आहे काय? तत्त्व तेंच, खाद्य निराळें. आपल्याकडे 1950 नंतरच्या दशकांत जशभाई पटेल यांनीं तरंगत्या लोखंडी झांकणाचा गोबर गॅसचा नमुना तयार केला, व खादी आणि ग्रामोद्योग आयोगानें पुढें तो गांवोगांव नेला. त्यांत एक घनमीटर वायूसाठीं सुमारे 25 किलो शेण लागतें, आणि आपल्या हवेंत तें सुमारे 40 दिवस टाकींत राहावें लागतें. म्हणजे गोठा पाहिजे, अंगण पाहिजे. आंबिवलीच्या चाळींत आणि इमारतींत दोन्ही नाहींत.

पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनीं ह्या प्रश्नाकडे उलट बाजूनें पाहिलें. हे महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे नातू व इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव. सन 1996 मध्यें निघालेल्या 'आरती' ह्या संस्थेमार्फत त्यांनीं ग्रामीण उपयोगाच्या अनेक युक्त्या शोधिल्या, त्यांत ही एक. शेण हें एकदां पचून बाहेर पडलेलें अन्न. त्यांतील कस गाईनें आधींच काढून घेतलेला असतो. मग जंतूंस तो चोथा कां द्यावा? पिठूळ व गोड पदार्थ, उरलेला भात, खराब पीठ, सडलें फळ हें त्यांस सरळ दिलें तर थोडक्या खाद्यांत, थोडक्या दिवसांत वायु मिळतो. त्यामुळें टाकी लहान झाली. गच्चीवरही मावूं लागली. ह्या कामाबद्दल त्या संस्थेस सन 2006 मध्यें लंडन येथें ॲश्डेन पारितोषिक मिळालें. आमच्या दोन टाक्या त्याच नमुन्याच्या आहेत. अर्थात् ज्या खाद्यास लवकर वायु सुटतो तेंच खाद्य लवकर आंबतें, हें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों. शेणाची टाकी सहसा इतकी रुसत नाहीं.

हिशेबाची वही आठवीची मुलें ठेवितात. पांच किलो ओल्या खरकट्यास सुमारे अर्धा घनमीटर वायु मिळतो, आणि लहान शेगडी त्यावर तासभर जळते. एक घनमीटर वायूची उष्णता अदमासें 450 ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतकी. तेव्हां शाळेचे 200 दिवस धरले तर वर्षाकांठीं 14.2 किलोंचे तीन सिलिंडर वांचतात, आणि वर थोडें. ह्याहून मोठा आंकडा कोणी सांगितला तर विद्यार्थ्यांनीं वही मागावी. मोहन्याचा एन. आर. सी. कारखाना 2009 सालीं बंद पडल्यानंतर ह्या भागांतील कित्येक घरांनीं एकेका सिलिंडरची चिंता केलेली आहे. त्यांस तीन हा आंकडा लहान वाटणार नाहीं. टाकींतून बाहेर पडणारें पाणी बागेस घालतों. गेल्या वर्षीं त्यावर वांगीं चांगलीं आलीं.

तरी खरा लाभ सिलिंडरचा नव्हे. हेंच खरकटें पूर्वी कोठें जात असे? कल्याणच्या आधारवाडीस. तेथील कचऱ्याचा डोंगर आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिला आहे, आणि उन्हाळ्यांतील त्याचा धूरही. ढिगाच्या पोटांत हवा पोंचत नाहीं. तेथेंही हेच जंतु हेंच काम करितात. फरक इतकाच कीं तेथें निघालेला मिथेन कोणी धरीत नाहीं. तो एक तर पेटतो, नाहीं तर आकाशांत जातो, आणि शंभर वर्षांच्या मापानें पाहतां पृथ्वी तापविण्यांत तो समभार कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट जबर आहे. सन 2021 मध्यें आधारवाडीस नवा कचरा टाकणें महानगरपालिकेनें बंद केलें. ओला कचरा निराळा घेऊन त्याचा वायु करण्याचे प्रकल्प उंबर्डे वगैरे ठिकाणीं उभे राहिले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील डॉ. शरद काळे यांनीं 'निसर्गऋण' नांवाचा मोठ्या मापाचा नमुना तयार केला. त्यांत अन्नाचा लगदा प्रथम एका टाकींत हवा व गरम पाणी देऊन मऊ करितात आणि मग दुसऱ्या, बंद टाकींत सोडितात. उतावळ्या आणि मंद जंतूंस निराळीं बिऱ्हाडें दिलीं म्हणा ना.

परंतु आमच्या मतें असे प्रकल्प अडतात ते जंतूंमुळें क्वचित्, पिशव्यांमुळें फार. एका पिशवींत भात, ब्लेडचें पान, औषधाची बाटली आणि लहान मुलाचें डायपर बांधून दिलें, तर कोणतेंही यंत्र तें पचवीत नाहीं. ओला, सुका आणि घातक कचरा घरींच निराळा करावा असा नियम 2016 सालीं झाला. आमच्या लहानशा टाकीचाही नळ एकदां शेंगदाण्याच्या चिक्कीच्या वेष्टनानें बुजला होता. लिंबाच्या व संत्र्याच्या साली फार झाल्या तर त्यांतील तेल जंतूंस बाधतें. करवंटी, हाडें, वाळक्या काड्या तिला पचत नाहींत. पालापाचोळा खताच्या खड्ड्यांतच जावा. म्हणजे रोज कोणी तरी बादलींत हात घालून निवडलें पाहिजे. कोणी?

ह्याच प्रश्नावर एक पालक आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा निवडण्याच्या पाळींत होता. ते शांतपणें म्हणाले, "मुलाला इथं शिकायला घातला आहे, कचरा चिवडायला नाही." आम्हीं त्यांस खुर्ची दिली आणि आम्हांस आवडणारी एक गोष्ट सांगितली.

ती अशी. मुंबईस माटुंगा येथें सन 1890 मध्यें निराश्रित कुष्ठरोग्यांसाठीं एक आश्रम निघाला. त्या काळीं त्यांस महारोगी म्हणत. तो शब्द आतां टाकावा, कारण हा रोग औषधानें पूर्ण बरा होतो. आश्रम काढण्यांत पुढाकार म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांचा. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून 1891 सालीं ज्यांनीं प्रसिद्ध केले तेच हे ॲक्वर्थ. त्यांच्या नांवाचें कुष्ठरोग रुग्णालय वडाळ्यास आहे. ह्या आश्रमांत सन 1897 मध्यें मैलापाणी बंद टाकींत घेऊन, त्यांतून निघणारा वायु धरून दिव्यांकरितां उपयोगांत आणिला. इंग्लंडांत एक्झेटर शहरीं अशी टाकी होऊन तेव्हां दोन-चार वर्षेंही झालीं नव्हतीं. ज्यांस लोकांनीं घराबाहेर काढिलें होतें, त्यांच्या वस्तींत, ज्या वस्तूकडे लोक पाहत नाहींत तिच्यापासून उजेड पडला. आणि तो आंबिवलीपासून आगगाडीनें दोन तासांच्या आंतल्या ठिकाणीं.

पुढें आम्हीं अप्पासाहेब पटवर्धनांचेंही नांव घेतलें. कोंकणचे गांधी म्हणून ज्यांस ओळखतात त्या अप्पासाहेबांनीं 1932 सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत भंगीकाम आपणांस करूं द्यावें म्हणून उपवास आरंभिला, आणि नंतर कणकवलीजवळ गोपुरी येथें मैल्याचें सोनखत करणारे संडास बांधिले. त्यांचाच धडा देहू येथील डॉ. मापुसकर यांनीं गिरविला. सरकारी दवाखान्यांत डॉक्टर म्हणून 1960 च्या सुमारास ते तेथें गेले. पहिले बांधविलेले संडास टिकले नाहींत. तरी न कंटाळतां त्यांनीं सारें गांव शौचालयांचें केलें, आणि मैल्यापासून वायु देणारा 'मलप्रभा' नांवाचा नमुना उभा केला. त्यांच्या निधनानंतर 2017 सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. तुकोबांच्या गांवांत हें घडलें.

त्या गृहस्थांनीं सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाले, "अप्पासाहेबांनी ते काम मागून घेतलं, सर. आमच्या आजोबांना मागावं लागलं नाही."

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वर्गांत आम्ही ही कथा कित्येक वर्षें सांगत आलों; ती ऐकणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरीं हें काम जन्मानेंच पदरीं आलें असेल, आणि त्यांतून बाहेर पडण्यासाठींच तो आमच्यापुढें बसला असेल, हें ध्यानांत आलें नव्हतें. मग पाळीची यादी काढून पाहिली. विज्ञान मंडळाच्या मुलांनीं ती केली होती. सहा नांवें होतीं, आणि तीं कशीं निवडलीं गेलीं हें विचारतां कोणास नीट सांगतां आलें नाहीं. "जे नाही म्हणत नाहीत ते," असें एक मुलगा म्हणाला. त्याचें म्हणणें खरें होतें, आणि म्हणूनच ती यादी फाडली.

हल्लीं यादी हजेरीपटाच्या क्रमानें आहे, आणि पहिल्या ओळींत शिक्षक आहेत. सोमवार आमचा. रबरी हातमोजे, चिमटा आणि झांकणाची बादली शाळेनें घेतली. टाकींत कोणीही उतरावयाचें नाहीं, डोकेंही घालावयाचें नाहीं, हा नियम मोठ्या अक्षरांत लिहून लाविला आहे. गटारांत उतरलेलीं माणसें ज्या वायूंनीं मरतात ते हेच वायु होत, आणि अशा कामास माणसें लावणें 2013 च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें तरी तीं मरत आलीं आहेत. पहिल्या सोमवारीं बादलींत हात घालतांना आम्हांस किळस आली हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मुलें पाहत होतीं. आतां येत नाहीं असें नाहीं, कमी येते.

त्या गृहस्थांस नवी यादी दाखविली. त्यांनीं ती वरपासून खालपर्यंत वाचली, मुलाचें नांव कोठें आहे तें पाहिलें, आणि परत दिली. कांहीं म्हणाले नाहींत. मुलाचें नांव काढावें असेंही पुन्हां सांगितलें नाहीं.

मे महिन्याच्या सुट्टीचा प्रश्न राहतो. शाळा बंद असली म्हणजे टाकीस खरकटें मिळत नाहीं. ती कांहीं आठवडे उपाशी राहूं शकते, पण जूनमध्यें तिला पुन्हां जेवती करण्यास दिवस लागतात, आणि तेव्हां घाई केली तर काय होतें तें वर आलेंच आहे. म्हणून मोहने, अटाळी, वडवली येथील ज्या घरांस शक्य असेल त्यांनीं सकाळीं आठ ते नऊ ह्या वेळांत, झांकणाच्या डब्यांत, निवडलेलें खरकटें आणावें. सर्वांचें मिळून रोज दोन किलो पुरे. मोजून घेण्यास मावशी असतील, सोमवारीं आम्ही असूं. आमरसाच्या साली चालतील. कोयी घरींच ठेवाव्या.